बाळाची टोपी आणि बाईची मजुरी

दौंडच्या बाजारात कापडाचा कारोबार करता करता आमची उमर गेली. थान मोजण्यात आणि उधारीच्या वह्या लिहिण्यात दिवस गेले. आमच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात लोकरीच्या गुंड्यांचे एक लहानसे कपाट आहे. दिवाळी उलटली, भीमेकाठची थंडी सुरू झाली की आठ-दहा आठवडे ते कपाट उघडते, मग वर्षभर बंद. या कपाटातला माल घेणाऱ्या बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातल्या आणि रेल्वे वसाहतीतल्या बाया. गुंडा नेतात आणि महिन्याभराने टोपडे, पायमोजे, झबल्यावरचा लोकरी स्वेटर करून दाखवायला आणतात. हा हुनर घराघरात आहे, पण त्याला आपण धंदा मानत नाही. तो धंदा कसा होऊ शकतो आणि त्यात व्यापाऱ्याने काय सांभाळावे, हे आज सांगायचे आहे.

सुया आणि क्रोशा यांतला फरक

लोकरीचे विणकाम दोन प्रकारचे. एक दोन सुयांवरचे, सुलट-उलट टाक्यांचे. त्यात ओळीतले सगळे टाके सुईवर उभे असतात. दुसरे क्रोशाचे, ज्याला आपल्या घरात क्रोशिया म्हणतात. त्यात एकच आकडेदार सुई असते आणि एका वेळी एकच टाका हातात असतो. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे तीन टाके आले की बाई निम्मे काम शिकली.

व्यापाऱ्याने यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सुयांचे विणकाम यंत्र करते. लुधियानाच्या होजिअरीत यंत्रावरच्या टोप्यांचे ढीग पडतात आणि त्या भावात हाताने विणणारी बाई कधीच टिकणार नाही. क्रोशाचा खरा टाका मात्र आजही यंत्राला जमलेला नाही. बाजारात क्रोशासारखी दिसणारी यंत्राची जाळी मिळते, पण तिची वीण वेगळी असते आणि जाणत्या नजरेला ती लगेच कळते. म्हणून ज्याला हातकामाचा माल विकायचा आहे त्याने साध्या सपाट टोप्यांच्या मागे न लागता क्रोशाकडे वळावे.

टोपी बसते कशी

नमाजाची जाळीदार टोपी विणणाऱ्या बाईला बाळाची टोपी शिकवायला एक दुपार पुरे. हिशेब एकच आहे. मध्यापासून सुरुवात करायची, सहा मुके खांब घ्यायचे आणि प्रत्येक फेरीत सहा वाढवत जायचे : ६, १२, १८, २४. उंच खांब घेतले तर बारापासून सुरू करून प्रत्येक फेरीत बारा वाढवायचे. याने सपाट चकती तयार होते. चकतीच्या कडेला झालर पडू लागली तर वाढ जास्त झाली, वाटीसारखी वळू लागली तर कमी झाली.

आता माप. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो, सहा महिन्यांच्या बाळाचा ४३ च्या आसपास आणि वर्षाच्या बाळाचा ४६ च्या आसपास. विणलेली टोपी ताणते, म्हणून घेरातून दोन सेंटिमीटर वजा करावेत. उरलेल्याला ३.१४ ने भागले की चकतीची रुंदी मिळते. नवजात बाळासाठी ती सुमारे साडेदहा सेंटिमीटर येते. तेवढी चकती झाली की वाढवणे बंद करून सरळ खाली विणत जायचे. मध्यापासून काठापर्यंत बारा-तेरा सेंटिमीटर भरले की टोपी पुरी झाली. माल पंचवीस-तीस ग्रॅम लागतो.

हे माप कागदावर लिहून प्रत्येक बाईला द्यावे. आम्ही हे बरेच उशिरा शिकलो. पहिल्या वर्षी अंदाजाने केलेल्या टोप्या काही डोळ्यांवर येणाऱ्या, काही डोक्यावर न राहणाऱ्या निघाल्या आणि तो माल पुढच्या हंगामापर्यंत कपाटात पडून राहिला. दोष बायांचा नव्हता. माप देण्याचे काम आमचे होते.

धाग्याची पारख

बाजारात ज्याला सरसकट लोकर म्हणतात, त्यातला पुष्कळसा माल अ‍ॅक्रिलिकचा असतो. आमच्या तरुणपणी त्याला कॅशमिलॉन म्हणत. तो स्वस्त असतो, रंग खुलतो, धुवायला सोपा जातो आणि कसर लागत नाही. पण पारख करायची असेल तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटाने चुरगळते. सूत कागदासारखे जळते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि मागे काळी कडक गाठ राहते.

ही पारख नुसती भावासाठी नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असते. वितळणारा धागा निखाऱ्याजवळ गेला तर कातडीला चिकटतो. म्हणून अगदी लहान बाळाच्या मालासाठी आम्ही सुती धागा किंवा मऊ खरी लोकर सुचवतो. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण बाळाच्या कातडीला ती टोचते. मऊ मेरिनो लोकर महाग पडते. तेव्हा सर्वांना परवडणारा मार्ग सुताचा, आणि आपल्या हवेत सूत दहा महिने चालते. याचा दुसरा फायदा असा की आठ-दहा आठवड्यांचे कपाट वर्षभर उघडे राहते.

गिऱ्हाईक कोण

आपल्यात सातव्या दिवशी अकीका होतो, बाळाचे जावळ उतरते आणि त्या उघड्या डोक्याला मऊ टोपी लागते. हिंदू शेजाऱ्यांकडे बाराव्या दिवशी बारसे होते आणि बाळंतविडा नेण्याची रीत आहे. दोन्ही घरांत टोपी, पायमोजे, हातमोजे आणि एखादी लहान शाल असा संच भेट म्हणून जातो. एकटी टोपी विकायला गेलो की गिऱ्हाईक तिची तुलना रस्त्यावरच्या यंत्राच्या टोपीशी करते. तोच माल संच करून नीट डबीत दिला की तो बाळंतविडा होतो, आणि बाळंतविडा घेणारा भावापेक्षा शोभा पाहतो. पुण्याची गाडी सकाळ-संध्याकाळ भरून जाते. त्या गाडीतले नोकरदार हेही आपले गिऱ्हाईक आहे.

सुरक्षेच्या चार गोष्टी

बाळाचा माल विकणाऱ्यावर जबाबदारी मोठी असते. गोंडा, मणी, बटण असे जे ओढून निघेल ते बाळ तोंडात घालते आणि ते घशात अडकू शकते. म्हणून टोपीवर मणी नको, फूल हवे तर धाग्याचेच विणावे. हातमोजे-पायमोजे आतून उलटे करून पाहावेत. आतला सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोटाचे रक्त थांबते. हनुवटीखाली बांधायच्या नाड्या आपल्या टोपड्यांना जुन्या काळापासून आहेत, पण युरोपच्या कपड्यांच्या मानकात लहान मुलांच्या डोक्या-गळ्याजवळ नाडी चालत नाही. बाहेर माल पाठवायचा विचार असेल तर आत्तापासूनच बिननाडीचा नमुना करावा. चौथी गोष्ट विकताना सांगायची : टोपी बाहेर नेताना घालावी, घरात झोपवताना काढावी. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली असाच सल्ला दिला आहे. जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता विभाग तेवढे त्याला अपवाद. हे सांगितल्याने विक्री कमी होत नाही, भरवसा वाढतो.

क्रोशाची बाहुली, ससा, खुळखुळा यांना आज चांगली मागणी आहे, पण ती खेळणी आहेत आणि खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून विणणाऱ्या बाईने कारागीर म्हणून ‘पहचान’ कार्ड काढून घ्यावे. सूट बनवून विकणाऱ्या कारागिराला आहे. तिच्याकडून घेऊन आपल्या नावाने विकणाऱ्या दुकानदाराने आधी चौकशी करावी.

खरा प्रश्न : मजुरी

आता जे सांगायला हा लेख घेतला ते सांगतो. सुरुवातीची काही वर्षे आम्ही बायांना नगामागे ठरावीक पैसे देत होतो. दर आम्हीच ठरवला होता आणि कोणी तक्रारही केली नव्हती. एके दिवशी टोप्या घेऊन आलेल्या एका वृद्ध खाला सहज म्हणाल्या, “सेठ, घड्याळ लावून एक टोपी विणून दाखवू का?” आम्ही हसत हो म्हटले. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. मधे जोहरची अजान झाली, नमाज पढून त्या परत आल्या आणि टोपी पुरी केली. नमाजाचा वेळ सोडून तीन तास लागले. त्यांनी भावाबद्दल एक शब्दही काढला नाही. त्या गेल्यावर आम्ही दर तासांनी भागून पाहिला, आणि जो आकडा आला तो आमच्या हमालाला सांगायचीही आम्हाला शरम वाटली असती.

हे एकट्या दौंडचे नाही. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरला क्रोशाच्या लेसचा मोठा धंदा आहे. १८४४ च्या सुमारास स्कॉटलंडच्या मिशनरी दांपत्याने तिकडच्या बायांना ही कला शिकवली. मारिया मीस या जर्मन विदुषीने नरसापूरच्या या बायांवर १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की बाया दिवसभर राबत असूनही त्यांना घरात बसलेल्या गृहिणी समजले गेले आणि त्यांचे काम फावल्या वेळेचे ठरवले गेले. त्यामुळे मजुरी अत्यल्प राहिली आणि माल परदेशी पाठवणारे मोठे झाले. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मोठे झाले ही चांगलीच गोष्ट, पण नावाबरोबर मजुरी आपोआप वाढत नाही. ती कोणीतरी ठरवून वाढवावी लागते.

उलट बाजूचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. दौंडहून पुण्याकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभे केले. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या मुली-बायांना त्यांनी आणले आणि हातमाग, शिवणकाम, छपाई अशी कामे शिकवली. आयर्लंडमध्येही १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात ननांनी बायांना क्रोशा शिकवला आणि त्या लेसवर कित्येक घरे जगली. हाताचे काम संकटात घर तारते, हे या दोन्हींतून दिसते. मात्र त्या कामाला पोटाचे काम मानले पाहिजे.

हिशेब असा करावा

समजा धागा आठशे रुपये किलो आहे. तीस ग्रॅमचे झाले चोवीस रुपये. तीन तासांचे, ताशी पन्नास धरले तर दीडशे. चिठ्ठी-पिशवीचे दहा. एकूण एकशे चौऱ्याऐंशी. घट-नासाडीचे दहा टक्के धरून दोनशे दोन. त्यावर दुकानदाराचा पंचवीस टक्के नफा ठेवला तर टोपी अडीचशेला पडते. आकडे आपल्या गावाप्रमाणे बदलावेत, पण क्रम बदलू नये. आपल्यातले बहुतेक व्यापारी उलटे करतात : बाजारात टोपी साठ रुपयांना आहे, म्हणून आपण पन्नासला विकू, आणि त्यातून जे उरेल ते बाईचे. त्या हिशेबात मजुरी ही उरलेली चिंधी ठरते.

आणखी तीन नियम आम्ही स्वतःला घालून घेतले. हात बसला आणि तीन तासांची टोपी दोन तासांत होऊ लागली, तरी नगाचा दर कापायचा नाही. ती सफाई तिची कमाई. धागा आम्ही पुरवायचा, त्याचे पैसे तिच्याकडून आगाऊ घ्यायचे नाहीत. आणि माल घेतला त्याच दिवशी रोख मजुरी, तिच्याच हातात. गिऱ्हाइकाची उधारी आमची, तिची नव्हे.

कागदपत्रांचे ओझेही फार नाही. उद्यम नोंदणीला फी लागत नाही. एका राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन दुकानांवर विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांनाही ठरावीक अटींवर ही मोकळीक आहे. शंका असेल तर आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

दर वाढवला त्या वर्षी आमचा माल कमी खपला, हे लपवत नाही. काही जुनी गिऱ्हाइके भाव ऐकून वळली. पुढच्या हंगामात संच केले आणि गाडी रुळावर आली. नफा पूर्वीइतका नाही, पण खोट निघून परत येणारा माल जवळजवळ बंद झाला. ज्या बाईला वेळेचे मोल मिळते ती टाका उसवून पुन्हा घालते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आमच्या व्यापारी बंधूंना एवढीच विनंती आहे : पुढच्या वेळी कोणी भगिनी टोपी घेऊन दुकानात आली तर भाव सांगण्यापूर्वी तिला विचारा, किती वेळ लागला. बरकत त्या उत्तरापासून सुरू होते.