निविदेआधी मुलांना विचारा

भिलाईचा लिखित इतिहास तारखांनी सुरू होतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. या पोलादनगरीसाठी नवे संग्रहालय योजायचे झाल्यास शाळकरी मुलांना विचारल्याखेरीज त्याचा आराखडा पक्का करू नये, असे माझे मत आहे.

प्रौढांच्या आराखड्यात यंत्रांच्या प्रतिकृती आणि मान्यवरांची छायाचित्रे सहज येतात. मूल मात्र विचारील : कारखान्याआधी इथे कोणाची शेते होती? भट्टीजवळ किती उकडते? दल्ली राजहऱ्याच्या खाणकामगारांनी १९८३ मध्ये स्वतःच्या श्रमातून आणि वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले. त्याला कोणत्या दालनात जागा?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये बालसंग्रहालय सुरू करून मांडणीत मुलांनाच सहभागी केले. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलमही मुलांशी संबंधित बाबींत त्यांच्या मताला योग्य वजन देण्यास सांगते.

आपल्याकडे सहभाग म्हणजे बहुधा चित्रकला स्पर्धा आणि प्रमाणपत्र. म्हणून तीन अटी हव्यात : निविदेपूर्वी सल्लामसलत, मुलांच्या एका दालनासाठी राखीव निधी आणि नाकारलेल्या सूचनांची लेखी कारणे. या चर्चेला वसाहतीतील मुलांसोबत खाणगावांतील मुलेही बसली पाहिजेत. नाहीतर पोलाद दिसेल, ते घडवणारी माणसे दिसणार नाहीत.