गुडघे हलते ठेवा, डोळा लागेल

गुडघ्यांची झीज झालेल्या आजी-आजोबांना दुखण्याने झोप लागत नाही, आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे जास्त जाणवते. हे चक्र तोडायला हालचालीची मोठी मदत होते. ‘गुडघे झिजलेत, आता चालू नका’ हा घरच्यांचा सल्ला मायेचा असतो, पण चुकीचा. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते, आणि हालचालीमुळे तो द्रव तिच्यात खेळता राहतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधारही मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे. पासष्टीपुढे त्याशिवाय तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे प्रकारही करावेत. आकड्याला घाबरू नका, दहा मिनिटांनी सुरुवात करा. सकाळी उजेडात फिरलात तर उत्तमच, त्याने झोपेचे घड्याळही ताळ्यावर येते. खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे घरातही जमते. व्यायामानंतर दोन तासांहून अधिक दुखत राहिले, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा. सांधा लाल, गरम होऊन सुजला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.