गाडी दीडशेने पळेल. पण वेळेवर थांबेल का? वेगाचा हिशेब समजून घ्या

शिरूर अनंतपाळ : तालुक्यातल्या रस्त्यांवर कोटीची स्पोर्ट्स कार क्वचितच दिसेल. पण काटा दीडशेच्या आसपास नेणारी स्पोर्ट्स बाईक गावागावांत पोचली आहे. गाडी बदलली, ताकद वाढली. चालवणाऱ्याचे डोळे आणि हात मात्र तेच राहिले.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव पोर्शे टायकन कारने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरील तरुण आणि तरुणी, दोघेही आयटी अभियंते, ठार झाले. चालवणारा १७ वर्षांचा होता आणि दारू प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. ही कार पाच सेकंदांच्या आसपास शंभरचा वेग गाठते. एवढी ताकद सांभाळायला सराव, वय आणि शुद्ध, तिन्ही लागतात.

हिशेब काय सांगतो?

ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच २५ मीटर संपतात. मग कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण झाले ४५ मीटर.

आता वेग १२० करा. ब्रेक दाबेपर्यंत ५० मीटर, त्यानंतर ८० मीटर. एकूण १३०! वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते.

रात्री हेडलाइट डीपरवर असताना स्पष्ट दिसते साधारण ५० मीटरपर्यंतच. पुढे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल, तर ती दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

एबीएस आहे की!

‘आपल्या गाडीला एबीएस आहे, काय होत नाही,’ असं पोरं म्हणतात. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. रस्त्यावर खडी, चिखल किंवा वाळत घातलेलं सोयाबीन असेल, तर टायरला पकडच मिळत नाही. ती एबीएस कुठून आणणार?

आपली मर्यादा कशी ओळखायची?

जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, हाच खरा वेग. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की तीन सेकंद मोजा. त्याआधी आपण तिथे पोचलो तर अंतर कमी आहे. नवी गाडी सुरुवातीला दिवसा आणि मोकळ्या रस्त्यावर चालवावी. झोप आलेली असेल, घेतलेली असेल, तर किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

पालकांनीही लक्षात ठेवावं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

पोराने गाडीसाठी हट्ट धरला, तर आधी लायसन्स आणि हेल्मेट विचारा. किल्ली नंतर.