वीतभर मातीही नसलेल्या कासवर एवढी फुले येतात कुठून?

गौरी-गणपती झाले की अनेकांच्या मोबाइलवर एकच फोटो फिरू लागतो: गुलाबी-जांभळ्या फुलांचा गालिचा आणि वर उतरलेले ढग. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठाराचा हा हंगाम. ऑगस्टअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. जाण्याआधी हे पठार समजून घेतले, तर पाहण्याची मजा वाढते. पाऊल कुठे टाकायचे, हेही कळते.

फुले इथेच का?

कास हा सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा जांभ्या दगडाचा सडा आहे. त्यावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात इथे पाणी साचते, उन्हाळ्यात हाच कातळ तापतो. मोठ्या झाडांना मूळ धरायला जागाच नाही. त्यामुळे इथे राज्य चालते ते छोट्या वनस्पतींचे. पाऊस पडताच उगवायचे, ऊन वाढण्याआधी फुलायचे, बी टाकायचे आणि संपायचे. सगळे आयुष्य काही आठवड्यांचे.

पठारावर सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक प्रजातींची नोंद आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा दर्जा दिला, त्यात कासचाही समावेश आहे.

काय पाहाल?

- गेंद : पांढऱ्या बटणांसारखी फुले
- तेरडा : गुलाबी गालिचा बहुतेक याचाच
- सीतेची आसवे : नाजूक जांभळे फूल, पण वनस्पती कीटकभक्षी
- कवला : पिवळे फूल, लाडके नाव 'मिकी माऊस'
- सोनकी : हंगामाच्या उत्तरार्धातील पिवळा रंग

कीटकभक्षी वनस्पती इथे असण्यालाही कारण आहे. या मातीत नत्र कमी. ती उणीव 'सीतेची आसवे' मुळाजवळच्या सूक्ष्म फुग्यांत पाण्यातले बारीक जीव ओढून भरून काढते. 'दवबिंदू' ही दुसरी वनस्पती चिकट थेंबांवर किडे पकडते. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच सामूहिक बहरते. त्यामुळे गेल्या वर्षीचा फोटो यंदा जसाच्या तसा दिसेल, असे नाही.

एका पावलाने काय बिघडते?

फोटोसाठी फुलांत बसलेला माणूस फक्त ती फुले मोडत नाही. बी धरण्याआधीच रोप तुडवले, की पुढच्या वर्षीचे बियाणेही गेले. शिवाय पायांनी माती दाबली जाते आणि पातळ थर आणखी आवळतो. गालिच्यातला मोकळा पट्टा तयार होतो तो असा.

म्हणूनच दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालून ऑनलाइन नोंदणी सुरू करण्यात आली. वन विभागासोबत आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्था पाहतात आणि स्थानिक तरुणांना त्यातून हंगामी रोजगार मिळतो. पर्यटकांना आवरण्यासाठी घातलेले तारेचे कुंपण मात्र पुढे काढण्यात आले. पठारावर पूर्वापार गुरे चरत आली आहेत. चराई थांबली की गवत माजते आणि छोटी फुले त्यात दबतात, असा आक्षेप होता. गुरांना वाट मोकळी झाली, पण पर्यटकांचा संयम आता त्यांच्यावरच आहे.

एका दिवसाचा बेत

- शक्यतो शनिवार-रविवार टाळा. नोंदणी आणि शुल्क निघण्याआधी तपासा.
- सकाळी लवकर साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने पठार गाठा. दोन-तीन तास हाताशी ठेवा.
- जवळच कास तलाव आहे. साताऱ्याला इथूनच पाणी जाते, तेव्हा कचरा परत न्या.
- दुपारी पुढे बामणोलीला शिवसागर जलाशयात बोटीची फेरी घेता येते. ठोसेघर धबधबा आणि सज्जनगड वेगळ्या रस्त्यावर आहेत. दोन्हीकडे एकाच दिवसात धावपळ होते.
- रेनकोट, पकड असलेले बूट आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या.

फोटो जरूर काढा, पण पायवाटेवर उभे राहून. फूल जवळून पाहायचे असेल, तर वाटेच्या कडेलाच वाका. तिथेही ती भरपूर असतात.