दिव्याखालचा अंधार

साठी आली की माणूस एकेक गोष्ट सोडायला शिकतो. भात कमी करावा लागतो, जिना चढताना मधल्या वळणावर थांबावे लागते. हे सारे मी मुकाट्याने मान्य केले होते. पण जहाजांच्या प्रतिकृती करण्याचा चाळीस वर्षांचा छंद आता सोडावा, असे गेल्या पावसाळ्यात मनात आले, तेव्हा मात्र जीव खट्टू झाला.

त्या वेळी हातात होती जुनी 'विक्रांत'. १९६१ साली आपल्या नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवलेली ही विमानवाहू नौका १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. माझे काका तिच्यावर नोकरीला होते. जहाज तोडायला काढल्याची बातमी वाचून ते दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. आता ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. "अरे, मला दिसतंय तोवर पुरी कर," एवढेच ते म्हणाले होते.

मूळ जहाजाच्या साडेतीनशेवा भाग, म्हणजे सुमारे दोन फूट लांबीची ही प्रतिकृती. तिच्यावरचे सी हॉक विमान साडेतीन सेंटीमीटरचे. रात्री जेवणे आटोपली की मी कामाला बसे. कठड्याची तार चिमट्यातून निसटे, गोंद भलतीकडे लागे. एकदा करड्या रंगाचा डबा संपला म्हणून दुसरा रंग कालवून उरलेला भाग रंगवला. रात्री दोन्ही एकजीव दिसले. सकाळी गॅलरीत नेऊन पाहतो तो अर्धे जहाज निळसर आणि अर्धे हिरवट! डोळे गेले, असे समजून मी सामान खोक्यात भरायला घेतले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले. नंबर फक्त पावाने वाढला होता. "काम कोणत्या उजेडात करता?" त्यांनी विचारले. पाठीमागच्या भिंतीवर एक ट्यूब आणि टेबलावर पिवळ्या बल्बचा जुना दिवा, असे मी सांगितले. ते म्हणाले, "चाळिशी मी बदलून देतो. दिवा तुम्हालाच बदलावा लागेल."

तेव्हा या विषयात जरा डोके घातले. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान झालेली असते आणि आतले भिंग पिवळट पडलेले असते. उजेड मोजण्याचे माप आहे लक्स. भर उन्हात एक लाखापर्यंत लक्स असतात, गॅलरीच्या सावलीत काही हजार, आणि एका ट्यूबच्या खोलीत रात्री जेमतेम शंभर-दीडशे. बारीक कामाला हजाराच्या आसपास तरी हवेत. शिवाय ट्यूब पाठीशी, म्हणजे जिथे काम करायचे नेमकी तिथेच आपली सावली!

यावर मोठा दिवा आणणे हा एकच उपाय नव्हे. दिवा जवळ आणा. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. म्हणून वाकवता येणाऱ्या दांड्याचा, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा दिवा उत्तम. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डावीकडे, थोडा पुढे ठेवावा, डावखुऱ्याने उलट. दुसऱ्या बाजूला एक मंद दिवा असला की सावल्या मऊ होतात. बल्ब थेट डोळ्यांवर येता कामा नये. खोलीतला दिवाही चालू ठेवावा, नाहीतर लख्ख टेबल आणि काळोखी खोली यांत नजर सारखी हेलकावे खाते आणि डोळे शिणतात.

माझ्या करड्या रंगाची फसगत वेगळी होती. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा अंश फारच कमी असतो. त्यामुळे दोन वेगळे रंग त्याच्याखाली सारखे भासू शकतात. रंग किती खरे दिसतात याचा एक निर्देशांक असतो, त्याला सीआरआय म्हणतात; कमाल आकडा १००. जुन्या साध्या ट्यूबचा साठ ते पंचाहत्तरच्या घरात असे. स्वस्त एलईडीचा ऐंशीच्या आसपास असतो. रंगकामाला नव्वदच्या वरचा घ्यावा. खोक्यावर आकडा छापलेला नसेल तर दुकानदाराला विचारावे. दुसरा आकडा केल्व्हिनचा. जुना बल्ब २७०० चा, दुपारचा उजेड साडेपाच ते साडेसहा हजारांचा. पाच हजारांच्या आसपासचा दिवा या कामाला बरा, आणि दोन्ही दिवे एकाच जातीचे असावेत.

आणखी दोन धोके. चोकवाली जुनी ट्यूब आणि काही हलके एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. अशा उजेडात फिरते ड्रिल थांबल्यासारखे भासू शकते आणि बोट जायबंदी होते. दिव्यासमोर पेन्सिल भरभर हलवून पाहा. तिचे तुकडे तुकडे दिसले तर तो दिवा नको. जुना बल्ब आपली नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत घालवतो, तेव्हा प्लॅस्टिकजवळ तो टेकवूच नये. भिंगाचा दिवा कामाचा खरा, पण दिवसा त्यावर फडके टाकावे. खिडकीतले ऊन त्यातून गोळा होऊन आग लागू शकते.

मी नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे आणले. साठ वॅटच्या एका जुन्या बल्बाइतका उजेड त्यातला एकेक देतो. पहिल्या रात्री कठड्याची तार एका झटक्यात बसली. खोक्यातले सामान पुन्हा बाहेर आले आणि जहाज नव्याने रंगवले.

गेल्या महिन्यात काका आले. खुर्ची ओढून बसले, बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग दिव्याची मान धरून तो पार टेबलाला टेकेल इतका खाली आणला. उजेड धावपट्टीवरून तिरका गेला आणि वरून कधीच न दिसलेला एक सांधा उठून दिसला.

"इथे घास अजून," ते म्हणाले. "विमान उतरायचंय इथे."

मी तिथे घासले. आता सात विमाने बाकी आहेत.