फाइल पोहोचली, पण प्रत कुठे राहिली?

मोठ्या फायली दुव्याने पाठवण्याची सोय देणाऱ्या ‘वीट्रान्सफर’ने अटी बदलल्या, जगभर ओरड झाली आणि कंपनीने काही दिवसांतच माघार घेतली. वापरकर्त्यांच्या फायली मशीन लर्निंगसाठी वापरण्याची मुभा देणारे जुलै २०२५ मधले ते वाक्य आता अटींत नाही. आम्ही फायलींवर एआय पोसत नव्हतोच, असा खुलासाही झाला. खुलासा खरा मानू. पण आपल्याकडचे डिझायनर, प्रेस, आर्किटेक्ट आणि सीए मंडळी इतकी वर्षे तो दुवा बिनधास्त पाठवत होती. त्यांतल्या किती जणांनी जुन्या अटी वाचल्या होत्या?

दिवाळी अंकांच्या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही प्रेसमध्ये जा. मुखपृष्ठ व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेले असते आणि ऑपरेटर फोनवर खेकसत असतो, “डॉक्युमेंट म्हणून टाका हो, आणि फॉन्ट कर्व्ह करून!” फोटो म्हणून पाठवले की चित्र आकसते आणि छपाईत फुटते. डॉक्युमेंट म्हणून दोन जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते, त्यामुळे सगळा धंदा तिथेच वळला. ईमेलला दोष देऊन उपयोग नाही, ती मुळात मजकुरासाठी घडलेली. जोडलेली फाइल अक्षरांत बदलूनच ईमेलमधून जाते. दर तीन बाइटची चार अक्षरे होतात, म्हणजे फाइल वाटेतच एक तृतीयांशाने फुगते. वीस एमबीची मर्यादा पाळून पाठवलेली पीडीएफ समोरचा सर्व्हर परत का पाठवतो, त्याचे कारण हे.

आता त्याच ऑपरेटरचे ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडा. लग्नपत्रिका, कुणाच्या आधारकार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, अजून सभासदांना न मिळालेला पतसंस्थेचा अहवाल, सगळे एकाखाली एक. पाठवण्याच्या सेवेची एवढी चर्चा होते, पण पोहोचलेल्या फाइलचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. मला खरी भीती या फोल्डरची वाटते.

महागडी सेवा घेतली की सुटलो, असेही नाही. ‘मूव्हइट’ हे मोठ्या कंपन्यांनी मुद्दाम सुरक्षिततेसाठी घेतलेले सॉफ्टवेअर. मे २०२३ मध्ये ‘क्लॉप’ टोळीने त्यातल्या एका भोकातून शिरून सर्व्हरवर पडलेल्या फायली उचलल्या. त्यात बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचाऱ्यांची माहितीही गेली, आणि तीही त्यांच्या पगाराचे काम पाहणाऱ्या तिसऱ्याच कंपनीकडून. काम झालेली फाइल तिथून पुसलेली असेल, तर चोराला ती मिळणार कुठून?

फुकटच्या सेवेचे आयुष्यही बेभरवशाचे. मोझिलाने २०१९ मध्ये आणलेली ‘फायरफॉक्स सेंड’ ही कूटबद्ध सेवा चांगली होती. मालवेअर पसरवणाऱ्यांनाही ती आवडली आणि २०२० मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी मे महिन्यात, लॉकडाउनमध्ये, दूरसंचार खात्याच्या आदेशाने भारतात वीट्रान्सफरच अडवले गेले. तेव्हा एकाच दुव्यावर विसंबलेल्यांची तारांबळ उडाली.

मग करायचे काय? रोज चित्रपटाचे फुटेज पाठवणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा. दोन टीबी माल २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. कूटबद्ध हार्डडिस्क पुण्याहून मुंबईला रात्रीत पोहोचते. यात कमीपणा काही नाही. अॅमेझॉननेही १०० पेटाबाइट वाहून नेणारा कंटेनर ट्रक २०१६ मध्ये आणला होता. बाकीच्यांना कार्यालयाच्या पैसे भरलेल्या ड्राइव्हवरचा दुवा पुरतो. मात्र तो ‘ज्याच्याकडे लिंक त्याला प्रवेश’ असा नको. ठरावीक ईमेलपुरता आणि मुदत घातलेला हवा. पगारपत्रक, ताळेबंद, रुग्णाचे रिपोर्ट असे काही असेल, तर फाइल आधी पासवर्डने कूटबद्ध करावी आणि पासवर्ड फोनवर सांगावा. तो त्याच मेलमध्ये लिहिणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती जपण्यातल्या हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. आणि काम बाहेर दिले, तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते. म्हणून प्रेसचे किंवा स्टुडिओचे कोटेशन मागताना कागद, जीएसएम आणि जीएसटीच्या खाली एक ओळ वाढवून घ्यावी: काम झाल्यावर आमची फाइल तुम्ही किती दिवस ठेवणार, आणि पुसल्याचे कळवणार कोण?