आधी नीट बंद, मग कॉपी

कोल्ड बॅकअप म्हणजे डेटाबेस पूर्ण बंद करून घेतलेली त्याच्या सगळ्या फाइलींची प्रत. ओरॅकलवर काम करताना एक गोष्ट पक्की कळते: बॅकअप चांगला की वाईट, हे कॉपी सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

आम्ही आधी लिसनर थांबवतो. नेटवर्कवरून नवं कुणी आत येत नाही, पण आत असलेले तसेच राहतात. म्हणून व्ही-डॉलर-सेशन हा व्ह्यू पाहायचा: कुणाचं काम चालू आहे, रात्रीचा जॉब संपला का. मग व्ही-डॉलर-ट्रान्झॅक्शन. कमिट न झालेल्या व्यवहाराने अंडूचे, म्हणजे बदल उलटवण्यासाठी राखलेले, किती ब्लॉक वापरलेत, ते तिथे दिसतं. आकडा मोठा असेल, तर त्या माणसाला फोन करावा आणि काम पुरं होऊ द्यावं.

बंद करण्याच्या तऱ्हा चार. नॉर्मल सगळे आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबतं. कुणी लॉगिन तसंच ठेवून घरी गेला, तर रात्रभरही. ट्रान्झॅक्शनल चालू व्यवहार पुरे होऊ देतं. इमिजिएट अर्धवट व्यवहार रोलबॅक करून सगळ्यांना बाहेर काढतं. अबॉर्ट इन्स्टन्स, म्हणजे डेटाबेस चालवणारी मेमरी आणि प्रोसेस, जागच्या जागी मारून टाकतं.

आम्ही इमिजिएट देतो. मोठं अपडेट उलटवायचं असेल, तर त्यालाही बराच वेळ लागतो, आणि हात अबॉर्टकडे वळतो. तो आवरायला हवा. कमिट झालेला बदल रीडो लॉगमध्ये लगेच लिहिला जातो, डेटाफाइलमध्ये मात्र सवडीने. नीट बंद होताना मेमरीतले बदललेले ब्लॉक डिस्कवर उतरतात, शेवटचा चेकपॉइंट होतो आणि सगळ्या डेटाफाइली एकाच एससीएनवर, म्हणजे बदलांच्या एकाच क्रमांकावर, येतात. अबॉर्टमध्ये यातलं काहीच होत नाही, म्हणून त्यानंतर लगेच घेतलेली प्रत भरवशाची नसते. अलर्ट लॉग पाहूनही नाइलाज झाला आणि अबॉर्ट करावंच लागलं, तर डेटाबेस रिस्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे सामान्य वापरकर्त्यांना बाहेर ठेवून, पुन्हा उघडायचा, रिकव्हरी होऊ द्यायची आणि मग इमिजिएटने बंद करायचा.

डेटाबेस क्लोज झाला, डिसमाउंट झाला, इन्स्टन्स बंद झाला, हे तिन्ही संदेश वाचायचे. इन्स्टन्सची पीमॉन ही पार्श्वभूमीतली प्रोसेस उरली नाही ना, तेही बघायचं. मगच डेटाफाइली, कंट्रोल फाइली, रीडो लॉग आणि एसपीफाइल (सेटिंगची फाइल) कॉपी करायच्या. त्यांची यादी डेटाबेस चालू असतानाच काढून ठेवलेली बरी.

आर्काइव्ह लॉग मोड, म्हणजे भरलेले रीडो लॉग जपून ठेवण्याची सोय, नसलेला डेटाबेस बिघडला, की मागे जायला सहसा ही एकच प्रत असते. त्यानंतरची सगळी कामं लोकांना पुन्हा करावी लागतात. निदान त्याआधीचं तरी शाबूत मिळावं, एवढ्यासाठी ही वाट पाहायची.